सावंत सरांची न चालणारी वही

चार माणसं आणि एक हट्टी मशीन एका खोलीत ठेवलं की किस्से साठायला लागतात. आमच्याकडे मशीनं पाच होती.

नव्वदीच्या सुरुवातीला भाईंदर पूर्वेत, भांड्यांच्या दुकानावर सावंत सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. मी शिपाई. मशीन पुसायची, लोकांना चपला बाहेर काढायला लावायच्या आणि सगळ्यांच्या खोड्या काढायच्या. यातलं तिसरं काम सरांनी सांगितलं नव्हतं.

तक्ते बनवायच्या पॅकेजची, म्हणजे प्रोग्रॅमची, उदाहरणं सरांनी एका वहीत लिहिलेली. प्रत्येकाला तिची झेरॉक्स. उदाहरणं सुंदर. फक्त चालायची नाहीत.

शोभाताई कांबळे काशीगावच्या कारखान्यात टायपिस्ट. साहेबांनी बजावलेलं, "महिन्याभरात कॉम्प्युटरवर कामगारांची यादी काढून दाखवा, नाहीतर टेबल दुसऱ्याला." लातूरहून येऊन धरलेली नोकरी. आणि बाई पहिल्या पानावरच अडलेल्या.

*

वहीत होतं, 'दुसरी फ्लॉपी दुसऱ्या खाचेत घाला.' राई गावचा जनार्दन म्हणाला, "सर, माज्या मशीनला एकच खाच हाय."

"माझ्या मशीनवर तर चालतंय," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळा क्लास सरांच्या मशीनपुढे रांगेत, सर खिडकीपाशी उभे. रांग मी लावलेली, हे त्यांना अजून माहीत नाही.

*

चौथं उदाहरण तिसऱ्यात बनवलेल्या फाइलवर चालायचं. तिसऱ्याच्या दिवशी शोभाताई ओव्हरटाइमला. चौथ्याला मशीन म्हणे, फाइलच नाही.

"ती मागच्या वेळी बनवली ना आपण?"

"आपण म्हणजे कोण, सर? मी कारखान्यात होते."

*

शेवटी सरांनी मला मशीनवर बसवलं. "तुला जमलं तर कुणालाही जमेल." सातवीत मी आणि शाळेने एकमेकांना सोडलेलं, म्हणून हा मान.

मी ठरवलं, वहीत आहे तेवढंच करायचं. 'नाव टाइप करा.' केलं आणि हात मांडीवर ठेवून बसलो.

"अरे, एंटर कोण दाबणार?"

"वहीत नाहीये, सर."

सर पेन शोधायला लागले. मी थांबेन तिथे ते एक ओळ वाढवायचे. निम्म्या वेळा मला येत होतं, तरी थांबायचो. आठवड्यात वही दुप्पट जाड झाली, पण प्रत्येक उदाहरणाची फाइल फ्लॉपीत तयार, एकाच खाचेत चालणारी, कुठूनही सुरू करा. नवी झेरॉक्स निघाली ती तशीच, कुणी न तपासता.

*

ती आणि फ्लॉपी घेऊन शोभाताई कारखान्यातल्या मशीनवर साहेबांपुढे बसल्या. यादी निघाली. साहेबांना पटेना.

"पाठ केलं असेल. उठा, मी बसतो."

साहेब एकेक ओळ मोठ्याने वाचत करायला लागले. सहावी ओळ वाचली, "गाढवा, आता तरी एंटर दाब."

साहेबांनी दाबलं. प्रिंटर करकरला आणि कामगारांची अख्खी यादी बाहेर आली.

साहेबांनी कागद ओढून घेतला आणि नावं मोजली. मग म्हणाले, "टेबल तुमचंच. पण मला गाढव म्हणणाऱ्या त्या माणसाला भेटायचंय."

"वही सरांनी लिहिली, साहेब," शोभाताई म्हणाल्या. "गाढव दुसरा आहे."