स्वल्प गलाटे

आमच्या घरात 'गलाटे' हा शब्द मुलांसाठी असायचा. पिढ्यान् पिढ्या बंगळुरात राहिलेली आमची मराठी, तिच्यात कन्नड असं मुरलंय की वेगळं काढता येत नाही. पोरं उड्या मारायला लागली की सासूबाई म्हणायच्या, "गलाटे नको रे, स्वल्प गप बसा." गलाटे म्हणजे दंगामस्ती, एवढंच.

मग नदीच्या पाण्यावरून शहर तमिळ लोकांवर पेटलं ते वर्ष आलं. आमच्या शेजारच्या तमिळ अक्काचा नवरा शिवाजीनगरात सायकली दुरुस्त करायचा. दुकान बंद करून येतो म्हणून गेला, आणि दुकानासकट त्याला जाळलं. तुम्हाला सांगते, अक्का रडली नाही. एकच म्हणत राहिली, "मारलं त्यांना. मेले नाहीत, मारलं."

थोड्या दिवसांनी एक मंत्री आले. बस स्टँडजवळ मांडव, हार, सगळं. मी अक्काला घेऊन गेले. तिला वाटत होतं, एवढा मोठा माणूस, तो तरी तोंडाने 'मारलं' म्हणेल. ते हसून म्हणाले, "स्वल्प गलाटे झाली. भावाभावांत होतेच की. आता विसरूया." टाळ्या पडल्या. अक्काने माझा हात धरला होता, तो सोडला.

आणि बघा, तो शब्द चिकटलाच. रेशनच्या रांगेत, पिठाच्या गिरणीत, रिक्षावाल्याच्या तोंडी, "त्या गलाटेच्या वेळी" म्हणून. अक्का एकेकाला थांबवून सांगायची, "गलाटे नाही, खून." लोक बरं बरं केल्यासारखं म्हणायचे, "सरी अक्का, सरी," आणि पाय उचलायचे.

काही वर्षांनी तिच्या मुलीला बघायला म्हैसूरकडची मंडळी आली. उपीट मीच केलं होतं. मुलाच्या आईने सहज विचारलं, "हिचे अप्पा कशाने गेले?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. पोरगी नवी साडी नेसून मान खाली घालून बसलेली.

"गलाटेत," अक्का म्हणाली.

"हां, स्वल्प झाली होती ना त्या वर्षी," म्हणून त्या बाई कॉफी फुंकायला लागल्या.

लग्न ठरलं. मंडळी गेल्यावर अक्का मोरीत पेले विसळत बसली. मी जवळ गेले तर वर न बघता म्हणाली, "मारलं म्हणणारी मी एकटी उरले होते. आता तेवढीपण नाही."

मी पेले पुसत राहिले.

नातवंडं दंगा करतात तेव्हा मी आता नुसतं "गप बसा" म्हणते.