आतून झिजलेला टायर

डिसेंबरचा दुसरा रविवार. रक्कम सहा हजार दोनशे, पुढच्या डाव्या टायरची. नगरच्या गॅरेजात हजर मी, पत्नी आणि तिचा धाकटा भाऊ.

टायर सहा महिन्यांचाच. दर आठवड्याला हवा मी तपासतो. बाहेरून तो नवाच दिसत होता. मेस्त्रींनी चाक काढून फिरवलं तेव्हा आतली कड पार गुळगुळीत, तारा डोकावत होत्या.

पत्नी पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली. दर बुधवारी देवळाली प्रवऱ्याला वडिलांकडे एकटी जायची. दिवाळीनंतर गाडी उजवीकडे ओढायला लागली, म्हणजे समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांकडे. मला वाटायचं, हवेत फरक असेल. तिला वाटायचं, आपल्या हातातच दोष आहे. मेहुणा चिडवायचा, "ताई, ऊस खायचाय का? सारखी ट्रॉलीकडंच जातीस!" आधी ती हसायची. मग दोन बुधवार गेलीच नाही. त्या रविवारी गॅरेजला निघताना म्हणाली, "अहो, यापुढे तुम्हीच चालवा. माझ्याच्यानं होत नाही."

मेस्त्रींनी खालचा आर्म दाखवला. आमच्या गाडीत चाकाला धरून ठेवणारे असे दोन लोखंडी आर्म आहेत, वर एक, खाली एक, इंग्रजी ए अक्षरासारखे. दोन्ही मापात असले तर वळणावरही चाक फारसं कलत नाही आणि टायर पूर्ण रुंदीने टेकतो. आमचा खालचा बाहेर ओढला गेला होता. त्यामुळे चाक वरून आत कललं, सगळा भार आतल्या कडेवर आला आणि गाडी उजवीकडे जाऊ लागली. मी टेप लावून दोन्ही बाजू मोजल्या. नऊ मिलिमीटरचा फरक.

आर्मच्या बोल्टात हिरव्या नायलॉनचे धागे अडकले होते. मेहुणा वाकून बघत राहिला.

"दाजी, ही दोरी माझीच हाय."

दिवाळीत गाडी त्यांच्या शेतातल्या पाण्याच्या चारीत रुतली होती. गाडी ओढायचा हूक शोधायला चिखलात कोण लोळणार, म्हणून हाताला लागलेल्या आर्मलाच दोरी बांधून त्याने ट्रॅक्टरने तिरकी खेचली. गाडी निघाल्यावर आम्ही त्याची पाठ थोपटली होती.

"म्हणजे माझा हात नव्हे, तुझी दोरी," पत्नी म्हणाली.

"व्हय ताई. पैसे मी देतो."

"पैसे राहू दे. मागं बस, आणि देवळालीपर्यंत तोंड उघडायचं नाही."

टायर, आर्म, त्याचे रबरी बुश, अलाइनमेंट आणि मजुरी मिळून अकरा हजार चारशे पन्नास. मेस्त्रींना ते तिनेच दिले, ड्रायव्हरच्या सीटवर बसून, खिडकीतून फोन पुढे करून.