मुखवट्याची मागची बाजू

साताऱ्यात शिकत होतो तेव्हा रहस्यकथा वाचणाऱ्यांकडे आम्ही चार मित्र दयेने पाहत असू. आमच्या काखेत जाड आणि गंभीर पुस्तकं असायची. त्यातली निम्मी मी पुरी केली नाहीत, हे सांगायला आता हरकत नाही. पुढे मास्तर होऊन कऱ्हाडच्या आतल्या बाजूला नदीकाठच्या एका गावात गेलो आणि शाळेबरोबर ग्रामपंचायतीचं वाचनालयही माझ्या गळ्यात पडलं. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. ऊस पुन्हा उभा होता, आणि लोकांना वाचायला वेळ नव्हता असं मला वाटत होतं. ते चूक होतं. गंभीर पुस्तकांना वेळ नव्हता.

वाचनालयात कपाट एक, पुस्तकं दोनशेच्या आत आणि वाचणारे पुष्कळ. म्हणून माझ्या आधीच्या मास्तरांनी एक युक्ती काढली होती. जाड कादंबरी आली की तिचे चार तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा दाभणाने शिवायचा आणि वर जुन्या कॅलेंडरचा कागद चढवायचा. एका पुस्तकात चौघांची सोय. कॅलेंडरं बहुतेक देवादिकांची, त्यामुळे भागांना आकडे कुणी देतच नसे. लोक दारातून विचारत, "मास्तर, लक्ष्मी आली का?" किंवा, "माझा गणपती झाला, दत्त द्या."

ज्या पुस्तकाची ही हकीकत, त्याचे चार भाग म्हणजे गणपती, लक्ष्मी, दत्त आणि मारुती. मूळ मुखपृष्ठ कधीच गेलं होतं, त्यामुळे नाव आणि लेखक कुणालाच ठाऊक नव्हते. गोष्ट अशी: एका डोंगरावरच्या देवळाच्या तळघरात ताम्रपट आहे. देवळाचे विश्वस्त, एक मठाधिपती आणि एक परदेशी व्यापारी मिळून देवाचा चांदीचा मुखवटा पळवण्याचा कट करतात, कारण त्या मुखवट्याच्या आत तळघराचा नकाशा कोरलेला आहे. दर तिसऱ्या प्रकरणात कुणीतरी मरतं. भाषा धावती आणि योगायोग मुबलक. पहिल्यांदा चाळलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. मग दत्त हातात घेतला आणि वर्गातली मुलं घंटा वाजायच्या आधीच घरी गेली तेही मला कळलं नाही.

गावाने हे पुस्तक जसं वाचलं तसं वाचताना मी साताऱ्यातल्या कुठल्याही विद्वानाला पाहिलेलं नाही. पारावर चर्चा चाले ती पात्रं शेजारच्या आळीत राहत असल्यासारखी. बौद्ध वस्तीतला एक तरुण एसटीच्या कारखान्यात कामाला होता. आमचा तो सगळ्यात नेमाचा वाचक. दत्त परत करताना तो म्हणाला, "मास्तर, आमाला गाभाऱ्यात सोडत न्हाईत त्याचं आज पयल्यांदा बरं वाटलं. आमच्यावर तरी कुणी संशय घेनार न्हाई."

मी हसलो, तो हसला नाही.

दत्त संपतो त्या पानावर पुस्तकातला गुरव मुखवटा उजळायला म्हणून पिशवीत घालून एसटीत बसतो. पिशवी मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत असतो. तिथे भाग संपतो. पुढे काय होतं ते मारुतीत, आणि मारुती गावात नव्हता. देवस्थान कमिटीच्या अध्यक्षांची मुलगी तो घेऊन गेली होती, आणि मध्येच सांगलीला सासरी निघून गेली होती.

नेमकं याच सुमाराला आमच्या भैरोबाच्या यात्रेला एक मोठे पुढारी येणार असं ठरलं. अध्यक्षांना समारंभाची फार हौस. फेटा बांधल्याशिवाय ते सभेला येत नसत आणि सभा भरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पुढाऱ्यांच्या फोटोत देव काळपट दिसू नये म्हणून त्यांनी ठराव केला की भैरोबाचा चांदीचा मुखवटा सांगलीच्या सोनाराकडून उजळून आणावा. एरवी गुरव तो वर्षातून एकदा चिंच आणि राख लावून पुसत असे. आता त्याला पिशवी आणि भाड्याचे पैसे देऊन सांगलीला पाठवलं. तो एकटा गेला आणि दुसऱ्या दिवशी एकटाच परत आला.

मुखवटा लखलखीत होऊन आला, पण चेहरा बदलल्यासारखा वाटत होता. भुवयांच्या आणि मिशांच्या खाचांत वर्षानुवर्षं बसलेलं काळं निघून गेलं होतं. आपला भैरोबा रागीट होता, हा नवरदेवासारखा दिसतोय, असं बायका म्हणू लागल्या. पुढाऱ्यांनी यायचं रद्द केलं, त्यामुळे गावाला विचार करायला सगळी यात्रा मोकळी मिळाली. आणि गावातल्या बहुतेकांनी दत्ताच्या शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं होतं.

"एसटीत बसून गेला. पिशवी मांडीवर. हुबेहूब!"

"आरं पर तिकडं तर त्यो मठवाला सामील हुता."

"हितं बी आसंल की कोन तरी. फुडचा भाग कुनी वाचलाय?"

कुणीतरी म्हणालं, गुरवाने मुखवटा बदलला का याचा कौल लावावा. भैरोबाला सुपाऱ्या लावायच्या, उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. सगळ्यांना पटलं. मग लक्षात आलं की कौल लावण्याचा मान गुरवाचा. संशयिताच्याच हातून देवाला साक्ष विचारायची कशी, यावर बरीच चर्चा होऊन तो बेत बारगळला. शेवटी कमिटीने ठराव केला: गुरवाने गाभाऱ्याची किल्ली अध्यक्षांकडे द्यावी, आणि येत्या रविवारी सभामंडपात सभा होऊन पूजा कुणाकडे द्यायची ते ठरावं. त्याच्या घराण्यात ती पूजा किती पिढ्या होती हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्याने किल्ली दिली.

सोमवारी शाळा सुटल्यावर तो माझ्याकडे आला. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. वाचता येत नव्हतं. दाराशी उभा राहून म्हणाला, "मास्तर, त्या पुस्तकात फुडं काय हुतंय?"

"मला माहीत नाही. मारुती सांगलीला आहे."

"आना की मग. मी कसा सुटतो ते तरी बघू."

तो 'मी' म्हणाला. मी बुधवारी रजा टाकली आणि सांगलीची गाडी पकडली.

अध्यक्षांची मुलगी मला बघून घाबरली, कारण वाचनालयाचं पुस्तक नेण्याचा गुन्हा तिला ठाऊक होता. पण मारुती तिच्याकडे नव्हता. तो सासूबाईंनी ताब्यात घेतला होता. सासूबाईंनी तो उशीखालून काढून आणला आणि छातीशी धरून त्या उभ्या राहिल्या.

"देते, पण आधी मला दत्त आणून द्या. कुणी चोरलं ते कळलं, पण काय चोरलं तेच कळेना! आणि तो मठातला मेला कोण?"

"तीन भाग आहेत, मावशी. गावात आहेत."

"मग तुम्ही सांगा. वाचलेत ना?"

त्या माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. सुनेने चहा केला, मग पोहे, मग पुन्हा चहा. मी गणपतीपासून दत्तापर्यंत सगळं सांगितलं. इतक्या एकाग्रतेने माझं बोलणं कोणत्याही वर्गाने ऐकलेलं नाही. एका ठिकाणी त्यांनी मला थांबवून मी एक खून विसरल्याचं दाखवून दिलं. तो मृतदेह त्यांना मारुतीत भेटला होता, पण कुठून आला ते कळत नव्हतं. शेवटी त्यांनी सुस्कारा सोडला.

"हां. मग बरोबर. गुरवच."

"गुरव काय?"

"चोर! बाकीचे सगळे सामील, पण मुखवटा बदलला तो गुरवाने."

परतीच्या गाडीत मी मारुती पहिल्यापासून वाचला. मावशींचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. डिटेक्टिव्ह भर देवळात मुखवटा उचलतो, पालथा करतो आणि सगळ्यांना मागची बाजू दाखवतो. ती नव्या ताटासारखी स्वच्छ असते, नकाशाचाही मागमूस नाही. जो मुखवटा शंभर वर्षं देवाला चढतोय त्याची आतली बाजू काळी असायला हवी. म्हणजे हा नकली. गुरव पायाशी कोसळतो. सुंदर प्रकरण. त्या परिस्थितीतही मला ते दाद देण्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

कऱ्हाड येईपर्यंत मी एक बेत केला. गावात हा भाग वाचलेला एकही माणूस नव्हता. मोठ्याने वाचताना मी गुरवाच्या जागी मठाधिपतीला घातलं तर कुणाला कळणार? भाषा फार अवघड नव्हती. माझं एक प्रकरण त्यात सहज खपलं असतं.

गुरव फाट्यावर उभा होता. मी त्याला सगळं सांगितलं, बेतसुद्धा.

"न्हाई मास्तर," तो म्हणाला. "हाय तसं वाचा. आधीच लोकांनी निम्म्या पुस्तकावर मला चोर केलाय. त्यात आनी तुमी भर घालू नगा."

कमिटीला मारुती आल्याचं कळलं होतं. रविवारच्या सभेत आधी पुस्तक पुरं वाचावं, मग निर्णय घ्यावा, असं ठरलं. एखादं पुस्तक शेवटपर्यंत वाचण्याचा ठराव आमच्या कमिटीने एवढा एकदाच केला.

दुपारी तीनला सभामंडप भरला. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, आणि एसटीच्या कारखान्यातला तो तरुण पायरीच्या खाली, ऐकू येईल अशा अंतरावर. अध्यक्षांनी प्रास्ताविक केलं. ते पुस्तकाच्या एका प्रकरणाएवढं होतं. मग मी वाचायला लागलो. दीड तासात कुणी पाणी प्यायला उठलं नाही. मुखवटा पालथा होण्याच्या पानाशी आलो तेव्हा माझा आवाज खाली गेला. मागून एक बाई ओरडली, "मोठ्यानं वाचा की वो!" मी मोठ्याने वाचलं. पुस्तकातला गुरव कोसळला. आमचा गुरव खांबाला टेकून तसाच बसून होता. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं.

अध्यक्ष घसा साफ करून उठले. तेवढ्यात दुसऱ्या खांबाकडून आवाज आला.

"मग आपला बी पालथा करा."

हे आबा. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, ऐंशीच्या घरातले. वाचनालयात रोज येत, पण फक्त वर्तमानपत्र वाचत. या पुस्तकाला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

"आबा, देवाची पाठ बगायची रीत न्हाई," अध्यक्ष म्हणाले.

"रीत! बाजारात ताट घेताना पालथं करून बगतोस न्हवं? हितं एका मानसाची पूजा हातची चाललीया."

मला वाटलं होतं गुरव उडी मारून मुखवटा आणेल. आतलं काळं तो रोज बघत असणार. यात त्याची सुटका होती. पण तो उठला तो आबांकडे गेला आणि हळूच म्हणाला, "नगा आबा. ऱ्हाऊ द्या."

"गप रं." आबा काठीवर उभे राहिले. पलटणीत असल्यासारखे ताठ झाले. "ऐका. मी पलटनीत जायच्या आदल्या यात्रंला पालखीचा भोई हुतो. घाटावर पाय घसरला आनी ह्यो मुखवटा माझ्या हातनं दगडावर पडला. जबडा फुटला. ह्याच्या बापानं सगळं बघिटलं. कुनाला सांगितलं आसतं तर गावानं मला उभा जाळला आसता. त्यानं तांबटाकडनं आतनं ठिगाळ मारून घेतलं आनी सबूद दिला, का ह्ये कवाच भाईर येनार न्हाई. आता करा पालथा."

गुरव म्हणाला, "बाबांनी सबूद दिला हुता. माझा न्हवता मोडायचा."

अध्यक्षांनी किल्ली काढली. गुरव आत गेला, मुखवटा दोन्ही हातांवर घेऊन आला आणि सभामंडपात पालथा धरला. आतली बाजू काजळी, मेण आणि जुन्या गंधाने काळीकुट्ट होती. सोनाराने तिला हात लावलेला नव्हता. डाव्या जबड्यावर विड्याच्या पानाएवढं तांब्याचं ठिगळ होतं.

मग गावाने रांग लावली. ते ठिगळ बघायला बायका लेकरांना घेऊन आल्या. एका म्हातारीने त्यावर कुंकू लावलं, म्हणाली, देवाला पण लागलं हुतं की गं. आबांना कुणी एक शब्द बोललं नाही. एकाने त्यांना बसायला घोंगडी आणून दिली. अध्यक्षांनी आभारप्रदर्शन सुरू केलं. ते चालू असताना गुरव त्यांच्यापुढे गेला आणि हात पुढे करून उभा राहिला. किल्ली त्यांच्या जाकिटाच्या खिशात परत गेली होती. ती त्यांनी भाषण न थांबवता काढून दिली.

त्या पुस्तकाला मी नंतर कधी नाक मुरडलं नाही. त्याच्यामुळे एक माणूस अडकला हे खरं. पण तपासायचं कसं हेही त्यानेच शिकवलं. आणि निम्मं वाचून निकाल देणारा गाव उरलेलं निम्मं ऐकायला दीड तास फरशीवर बसला, आणि ऐकून झाल्यावर बदलला. माझ्या विद्वान मित्रांना त्यांचं मत बदलायला लावणारं पुस्तक अजून निघायचं आहे.

त्या सभेनंतर आठवड्याभराने गुरव शाळेत आला. म्हणाला, सवड असेल तर गणपतीपासून वाचून दाखवा. रोज शाळा सुटल्यावर मी वाचायचो आणि तो पत्रावळी लावत ऐकायचा. दत्ताच्या शेवटच्या पानावर आलो, तो एसटीचा प्रसंग. त्याचे हात थांबले.

"परत वाचा येकदा."

मी परत वाचलं.

"मानूस चोर हाय," तो म्हणाला, "पर पिशवी कशी धरलीया ती बराबर लिवलीया. दोनी हात वरनं, आनी खालनं गुडघं वर. मी सांगलीपातूर तसाच बसलो हुतो. इस्लामपूरला गाडी थांबली तर पानी प्यायला बी उतरलो न्हाई. लिवनाऱ्यानं कुनाला तरी बघिटलं आसनार."

पत्रावळीचं पुढचं पान त्याने उचललं, कडा सारख्या केल्या आणि म्हणाला, "चला. मारुती घ्या."