खंडेनवमीचं अपडेट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे हसलात की माझा धागा तुटतो. हा किस्सा मंगल, म्हणजे आमची सौ., गेली दोन वर्षं चार लोकांत सांगतेय आणि दर वेळी त्यात मी आणखी थोडा बावळट होत जातो. म्हणून म्हटलं, एकदा मीच सांगून टाकतो. जेवढा होतो तेवढाच बावळट.

तर आमची डिलाईल रोडची चाळ. साठ बिऱ्हाडं. दिवाळीनंतर ती रिकामी करायची होती, पाडून टॉवर होणार म्हणून. कुणी भाड्याने डोंबिवलीला, कुणी कळव्याला, कुणी थेट गावाला. तेव्हा असं ठरलं, की शेवटची कोजागिरी सगळ्यांनी एकत्र करायची आणि त्या दिवशी चाळीची एक स्मरणिका काढायची. प्रत्येक खोलीचा एक फोटो, एक आठवण. पांगायच्या आधी प्रत्येकाच्या हातात एक प्रत.

संपादक कोण? मी! का? तर मीटिंगमध्ये आमचे सेक्रेटरी तावडे म्हणाले, "हे काम कोण अंगावर घेतंय?" आणि नेमका तेव्हा मी पाणी प्यायला उठलो होतो. उभा दिसलो म्हणून टाळ्या पडल्या.

पण एकदा घेतलं ना अंगावर, मग मी मागे हटणारा माणूस नाही. तीन महिने साठ खोल्या पालथ्या घातल्या. फोटो स्कॅन केले, म्हाताऱ्या माणसांच्या पुढ्यात बसून आठवणी टाइप केल्या. त्यातले दोघं तर एव्हाना गावी निघूनही गेले होते. आणि हे सगळं एकाच फाईलमध्ये, माझ्या घरच्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर.

मेहुणा म्हणाला होता, "भावोजी, एक कॉपी माझ्याकडे पाठवून ठेवा."

हा मेहुणा, दिलीप. राहतो माहीमला, एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. माणूस वाईट नाही. पण आमच्याकडे आला की चहाचा कप हातात घ्यायच्या आधी माझ्या कॉम्प्युटरचा पडदा स्वतःच्या रुमालाने पुसतो. लागतं हो ते मनाला! मी म्हटलं, "कॉपी कशाला? माझा कॉम्प्युटर काय पळून जातोय?"

पळाला नाही. बसला!

गिरगावातल्या प्रेसवाल्याने सांगितलं होतं, "दसऱ्याला दुपारी बारापर्यंत फाईल मेल करा. मशिनची पूजा झाली की पहिलं काम तुमचंच लावतो. बारा चुकले तर मग दिवाळी अंकांची रांग आहे, कोजागिरी विसरा." अष्टमीला संध्याकाळी माझं सगळं काम संपलं. म्हटलं, उद्या खंडेनवमी, सकाळी शेवटची नजर टाकतो आणि पाठवून देतो.

खंडेनवमीला सकाळी नऊला कॉम्प्युटर चालू केला, तर पडद्यावर गोल गोल फिरणारे ठिपके. 'अपडेट होत आहे. ३५ टक्के. कॉम्प्युटर बंद करू नका.'

ठीक आहे. होऊ दे. तोवर पूजा उरकू.

आता आमच्या घरची रीत सांगतो. माझे वडील गिरणीत फिटर होते. खंडेनवमीला घरातलं प्रत्येक हत्यार पूजेला बसतं. विळी, कोयता, कात्री, स्क्रू-ड्रायव्हर, आणि सगळ्यांत मानाचा वडिलांचा गिरणीतला पाना. हातभर लांब, अस्सल लोखंड, उचलताना खांदा बोलतो. आणि पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत हलवायचं नाही. अलीकडे कॉम्प्युटरही पूजेत असतो. खोली दहा बाय बारा, टेबल वीतभर. विळी-कोयता मावले मॉनिटरच्या बाजूला. पाना कुठे ठेवणार?

मी ठेवला कीबोर्डवर. आडवा. त्यावर हळद-कुंकू, अक्षता. त्यावर मंगलने झेंडूचा हा एवढा ढीग रचला. पाना दिसेनासा झाला आणि माझ्या डोक्यातूनही गेला. तुम्ही मात्र ध्यानात ठेवा.

दहा वाजले, ३५ टक्के. बारा वाजले, ३५ टक्के. आम्ही जेवलो, हात धुतले, ३५ टक्के!

मंगल म्हणाली, "अहो, अडकलंय ते. दिलीपला फोन करू?"

"काही गरज नाही. लिहिलंय ना, बंद करू नका? नाही करणार. बघू कोण आधी दमतं."

मग मी पहाऱ्यावर बसलो. स्विचवर चिकटपट्टी लावली. त्या बोर्डावर दुसरं काही लावायला बंदी घातली. मंगल आंबोळ्यांचं पीठ वाटायला मिक्सर लावणार, तर मी आडवा पडलो. "फ्यूज उडाला तर? साठ घरांच्या आठवणी आहेत आत!" बिचारी भांडं घेऊन शेजारी गेली. आणि शेजारी गेली म्हणजे काय, चाळभर बातमी झाली.

पाच मिनिटांत तावडे दारात. "सावंत, स्मरणिका गेली म्हणे?"

"गेली नाही. आत आहे. सुखरूप."

"मग बाहेर का येत नाही?"

"पस्तीस टक्के आलीय."

तावडेंचा चेहरा पडला. खरं सांगतो, आतून मीही घाबरलो होतो. ही माणसं महिन्याभराने दहा दिशांना जाणार होती आणि त्यांना देण्यासारखं माझ्याकडे तेवढं एकच होतं. पण तोंडावर मी काही दाखवलं नाही. छाती काढून म्हटलं, "तावडे, उद्या बाराच्या आत फाईल प्रेसमध्ये. माझा शब्द."

संध्याकाळी मंगलने मला न विचारता दिलीपला फोन लावला आणि फोन माझ्या कानाला चिकटवला.

"भावोजी, सिंपल आहे. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा. बंद होईल. परत चालू करा."

"अरे पण स्पष्ट लिहिलंय, बंद करू नका!"

"ते दोन तासांसाठी, भावोजी. तुम्ही नऊ तास बसलायत."

"मी सूचना पाळणारा माणूस आहे," म्हटलं आणि फोन ठेवला. काय ऐट!

दसऱ्याला सकाळी उठून पाहतो तर ३५ टक्के. तेच ठिपके, तसेच फिरतायत. माझा निर्धार अजून शाबूत होता, फक्त त्याची दिशा बदलली. साडेनऊला देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. एक, दोन, तीन... दहा. पडदा काळा. परत चालू केलं. एकदा तसंच, दोनदा तसंच. आणि तिसऱ्यांदा आली एक निळी पाटी. 'काय करायचे ते निवडा.' खाली चार-पाच पर्याय, त्यातला एक 'अपडेट काढून टाका'. हेच तर हवं होतं!

पण निवडायचं कसं? कारण ती निवडीची पट्टी थांबेचना! वरून खाली, वरून खाली, परत वर, परत खाली. सुसाट. मी हात लावलेला नाही, मंगलने लावलेला नाही, आणि पट्टी आपली फुगडी घालतेय!

एव्हाना दारात दहा-बारा डोकी होती. चाळीत दार लावायची पद्धत नाही, हा आमचा मोठेपणा आणि तोच आमचा त्रास.

"हॅक झालाय," एक म्हणाला.

"व्हायरस रे. माझ्या साडूचा असाच गेला."

तावडे हळूच म्हणाले, "सावंत, नजर काढा एकदा. चाललं तर चाललं."

सव्वादहा झाले. आता मात्र मी मान खाली घातली आणि दिलीपला व्हिडिओ कॉल लावला. त्याने पट्टी पाहिली.

"भावोजी, कुठली तरी की दाबली गेलीये. कीबोर्ड काढून परत लावा."

"नाही काढता येणार. पूजेला बसलाय."

"...काय?"

"खंडेनवमीचा. आमच्यात हलवत नाहीत. घरची पूजा व्हायचीय अजून."

"बरं. कीबोर्डवर काही ठेवलंय का?"

"फुलं."

"फक्त फुलं?"

"फुलं आणि अक्षता."

अहो, छातीठोक सांगितलं मी! शपथ घ्यायला लावली असती तर घेतली असती!

"झेंडूच्या फुलाने की दबत नाही, भावोजी."

"आमच्याकडचा झेंडू टपोरा असतो," मी म्हटलं. दारातून कुणीतरी फिसकन हसलं. मी वळून पाहिलं नाही.

मग पुढचा पाऊण तास मी काय नाही केलं? कॉम्प्युटर चार वेळा बंद-चालू केला. मॉनिटरची वायर काढून फुंकर मारली. पट्टी नेमकी 'अपडेट काढून टाका'वर आली की झडप घालायची म्हणून माउस धरून दबा धरला. तीनदा हुकलो, एकदा 'कॉम्प्युटर बंद करा'वर जाऊन आपटलो. माणसं 'अर्रर्र' करत होती, मॅच बघताना करतात तसं. अकरा वाजले. घाम मानेवरून पाठीत गेला होता. पण हरणार नाही म्हणजे नाही!

माझी आई कोपऱ्यात खाटेवर बसून सगळं बघत होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, मुंबईत साठ वर्षं काढली, पण बोलणं मालवणचं ते मालवणचंच. ती कॉम्प्युटरकडे बघतच नव्हती. ती पूजेकडे बघत होती.

"रे, तुझ्या बापाशीचो पानो खंय दिसना नाय तो?"

"असेल गं आई. फुलांखाली असेल."

"कसल्या फुलांखाली?"

"कीबोर्डव..."

आणि मी तिथेच थांबलो. फोनमधून दिलीपचा आवाज आला, "पाना? कुठला पाना? भावोजी, किती मोठा पाना?"

दारातली बारा डोकी एकदम आत वाकली.

तुम्ही म्हणाल, मग उचलायचा ना झटकन! हात पुढे गेलाही. पण थबकला. वडिलांचा पाना, पूजेतला, घरची पूजा व्हायच्या आधी कसा उचलू? वडील असेपर्यंत त्या पान्याला असा मधेच कुणी हात लावलेला मी पाहिला नव्हता. आईने माझं तोंड बघितलं आणि तिच्या लक्षात आलं.

"गिरणीतसून बोलावणा इला तर तुझो बापूस काय करायचो म्हायत आसा? तू शाळेत असायचंस. हात जोडायचो नि पूजेतलो पानो घेवन पळायचो. म्हणायचो, काम अडला तर देव रागावता. उचल मेल्या!"

हे मला साठीला आलो तरी ठाऊक नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? हात जोडले, झेंडू बाजूला केला आणि पाना उचलला.

पट्टी जागच्या जागी थांबली.

पुढचं दिलीप सांगेल तसं मुकाट्याने केलं. 'अपडेट काढून टाका.' हो. 'नक्की?' हो रे बाबा, नक्की! वीस मिनिटं ठिपके फिरले आणि माझा नेहमीचा पडदा समोर उभा राहिला. आख्ख्या गॅलरीत टाळ्या! अकरा चाळीस झाले होते.

स्मरणिकेवर क्लिक केलं, तर कॉम्प्युटर म्हणतो, दोन प्रती आहेत. एक 'जतन केलेली', एक 'परत मिळवलेली'. कुठली हवी? दिलीप फोनवरून ओरडतोय, "भावोजी, थांबा, दोन्ही उघडून बघा!" पण मला कसला धीर? दोन दिवस मी झगडलो कशासाठी? परत मिळवण्यासाठी! मग परत मिळवलेलीच पाठवणार ना? क्लिक केलं, मेल केली. अकरा बावन्न. तावडेंनी मला मिठी मारली. मी मोबाईलच्या पडद्यावरचा दिलीपचा चेहरा माझ्या रुमालाने पुसला आणि फोन ठेवला.

कोजागिरीला प्रती आल्या. छान कागद, छान फोटो. सगळे आपापलं पान शोधायला लागले. आणि हळूहळू एकेका कोपऱ्यातून हसू फुटायला लागलं.

झालं काय होतं, की अष्टमीच्या दुपारी ती फाईल मंगलने वाचली होती आणि जिथे खटकलं तिथे मधेच आपलं मत टाइप करून ठेवलं होतं. संध्याकाळी ती मतं मी वेचून वेचून पुसली आणि फाईल जतन केली. मी पाठवली ती पुसायच्या आधीची. कॉम्प्युटरने आपणहून जपून ठेवलेली.

त्यामुळे तावडेंच्या मनोगताखाली छापून आलं होतं, 'हे भाषण यांनी गणपतीतही केलं होतं.' आणि माझ्या चार पानी संपादकीयाच्या पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत, 'अहो, कापा! चाळ बांधून होईपर्यंतच मला झोप आली.'

तावडे तीन दिवस बोलले नाहीत. बाकी चाळीने मात्र स्मरणिका घराघरातून मोठ्याने वाचून काढली. मी तीन महिने जे घासलं ते नव्हे, मंगलची मतं!

दिवाळीनंतर चाळ सोडायचा दिवस आला. खाली टेम्पो लागलेले, गॅलरीत गाद्यांच्या वळकट्या. सगळे शेवटचे म्हणून चौकात आणि वरच्या गॅलऱ्यांत जमले. तावडेंनी माझ्याकडे बघितलं, "सावंत, तुम्ही संपादक. दोन शब्द बोला."

मला भरून आलं होतं. घसा साफ केला आणि सुरुवात केली, "बंधू-भगिनींनो, आपल्या या वास्तूचा इतिहास पाहू गेल्यास..."

आणि तिन्ही मजल्यांवरून, लहानथोर सगळ्यांनी, अगदी माझ्या आईनेही, डोळे पुसत पुसत एका सुरात आरोळी ठोकली, "अहो, कापा!"

कापलं.