वैशूचा एकही फोटो तिच्या रंगाचा नाही

वैशू गेली, आणि तिचा खरा चेहरा मी आधीच डिलीट करून टाकलेला आहे.

वैशू माझी आतेबहीण. तलासरीकडच्या झरीची, अंगणवाडी सेविका. गेल्या सोमवारी गेली. वय चौतीस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वाणगाव स्टेशनबाहेर माझा फोटो स्टुडिओ आहे. उद्या तिचं दिवसकार्य. हार घालायला फ्रेम करायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं.

तिचा अख्खा फोल्डर उघडला. सगळ्या फोटोंत गोरी. सगळे मीच केलेले.
तिच्या मोबाईलमधले सेल्फी बघितले. ते सगळे फिल्टरचे.

पहिला फोटो अजून आठवतो. स्टुडिओ नवा होता, ती नुकतीच बी.ए. झाली होती, लग्नाच्या बायोडाटाला फोटो हवा होता. जरा उजळ करू का, मी विचारलं.

"तुझ्या हातात आहे तर कर ना," ती म्हणाली. "देवाच्या हातात होतं तेव्हा त्याने कंजूसपणा केला."

दोघी पोट धरून हसलो.

दोन मिनिटांचं काम. हार्डडिस्क छोटी होती, म्हणून ओरिजिनलवरच सेव्ह करायचे मी. तिचाही केला. पुढचेही सगळे तसेच.

मुलांच्या बायोडाटाला मी फक्त कॉलर सरळ करते. मुलींना गोरं करते. कुणाला सांगावंही लागत नाही, बोटं आपोआप तिकडे जातात.

आमच्याकडच्या सगळ्या बाया भाताच्या कापणीला दिवस दिवस उन्हात वाकलेल्या. आणि बघायला येणाऱ्यांना मुलगी मात्र सावलीत वाढलेली हवी.

तर तो फोटो बघून डहाणूकडचे लोक आले. मी आत पोह्यांच्या बशा भरत होते. वैशू चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेली. मुलाच्या काकीने कप उचलला आणि अगदी सहज विचारलं,

"फोटोतली मुलगी आत आहे का?"

"मीच ती," वैशू म्हणाली.

पुढे कुणी काही वाईट बोललं नाही. चहा प्याले, पोहे खाल्ले, पीकपाण्याचं बोलले आणि गेले. फोन काही आला नाही.

त्या दिवशी मला त्या काकीचा राग आला होता. स्वतःचा यायला बारा वर्षं लागली.

कारण त्यानंतर वैशू त्या फोटोसारखी व्हायच्या मागे लागली. आठवडी बाजारातून तिने क्रीमची एक डबी आणली. डबीवर ना नाव, ना गाव. महिन्याभरात खरंच उजळली.

मी काय म्हणाले माहितीये? "काय लावतेस गं, मस्त दिसतेस."

हे वाक्य मला परत घ्यायचंय.

स्कूटीवर तोंडाला स्कार्फ, हातात मोजे, ढगाळ दिवसातसुद्धा. अंगणवाडीतली पोरं तिला आवाजावरून ओळखायची. वजनकाट्यावर टाहो फोडणारं बाळ तिचं गाणं ऐकून गप्प व्हायचं.

तिचा आवाज गोड आहे, हे तिच्या बायोडाटात कुठेच नव्हतं.
वर्ण: गोरा, हे होतं. तेही मीच टाइप केलं.

दोन वर्षांपूर्वी पाय सुजायला लागले. मग चेहरा. वापीच्या डॉक्टरांनी किडनीचं सांगितलं आणि तोंडाला काय लावता ते विचारलं. असल्या बिननावाच्या क्रीममध्ये पारा असू शकतो म्हणाले. त्यानेच झालं असं ठामपणे नाही म्हणाले. पण आजपासून बंद, असं बजावलं.

बंद केली, असं तिने माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं.

ती गेल्यावर पर्समध्ये डबी सापडली. अर्धी संपलेली.

राग येतो, पण काढू कुणावर? ती मूर्ख नव्हती हो. अंगणवाडीतल्या प्रत्येक पोराचं वजन तोंडपाठ असलेली बाई होती. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगितली, आणि तिने ती ऐकली.

काल आत्या स्टुडिओत आली. वैशूची आई. त्यातल्या त्यात बरा फोटो मी स्क्रीनवर लावला. ती बराच वेळ बघत राहिली.

"ही कोनाची पोर?" ती बोलली. "माझी नाय ही."

मी रंग उजळ करायचा स्लायडर उलटा फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा.

आत्याने बांगड्या मागे सारल्या आणि आपला हात स्क्रीनला टेकवून धरला. "माझ्यासारखीच होती. ह्याच्यावर बघून कर."

आत्याच्या मनगटाकडे बघत बघत मी वैशूला सावळी करत गेले.

"अजून," आत्या म्हणायची. "अजून थोडी."

माझ्या दुकानात हे आजवर कुणीच बोललं नव्हतं.

रंग जवळपास आला. पण बाकीचं कुठून आणू? तिच्या ओठाखाली तीळ होता, तो मीच काढून टाकला होता. नेमका कुठे होता, मला आठवेना. एवढी वर्षं समोर बसत होती माझ्या, आणि मला आठवेना.

आत्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. "हितं."

मी तिथे बारीक ठिपका दिला. आत्याने बोट उचललंच नाही. ते तसंच ठेवून ती रडली. वैशू गेल्यापासून पहिल्यांदा.

आज सकाळी एक बाई मुलीला घेऊन आली. बायोडाटाचा फोटो, जरा उजळ करा म्हणाली. मी नाही म्हटलं. का ते सांगायला गेले तर रडूच यायला लागलं. त्या दोघी समोरच्या दुकानात गेल्या.

वैशू, फ्रेम तयार आहे.
जेवढी मला परत आणता आली, तेवढी तू आहेस तिच्यात.

नीट जा, बाय.