दुसरी चालू आहे

ज्या कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठावर हॅट घातलेला पुरुष, घाबरलेली बाई आणि मागे दिवा लागलेली एक खिडकी असते, त्या मी आयुष्यात पुष्कळ वाचल्या. लपवून वाचल्या असं म्हणणार नाही. शाळेत शिकवणाऱ्या बाईनं त्या वाचू नयेत असं लोकांना वाटायचं, म्हणून वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचल्या. त्यांत एक गोष्ट ठरलेली असे. नायिकेचं मन ज्याच्यावर जडायचं तो नेमका खुनी किंवा विवाहित निघायचा आणि मग गावातला कुणी हौशी गुप्तहेर शोध लावायचा, की तो हा नव्हेच, हा फक्त त्याच्यासारखा दिसतो. एवढ्यासाठी लेखक मंडळींना जुळे भाऊ, मुखवटे, धुकं अशी बरीच सामग्री लागायची. आमच्याकडे ते सगळं निळ्या कपड्यांवर आणि एका शब्दावर भागलं.

साठीचं दशक संपत आलं होतं. चाकणला तेव्हा कारखाने नव्हते, कांदा होता. बाजाराच्या दिवशी गावभर त्याचा वास असायचा. आजही कुठं पोतं फुटलं आणि ऊन लागलेल्या कांद्याचा वास आला की मला तेव्हाचं गाव दिसतं: किल्ल्याच्या पडक्या तटावर चढलेल्या शेळ्या, रस्त्याला लागलेल्या बैलगाड्या, आणि एस.टी. आली की तिच्यातून कोण उतरतंय हे बघायला मोकळी असलेली माणसं. आता त्याच रस्त्यावर कंटेनरच्या मागे गाडी अडकते, तेव्हा ड्रायव्हर हॉर्न वाजवतो आणि मी निवांत आठवत बसते.

पिंपरी-चिंचवडला मात्र कंपन्या येऊन बसल्या होत्या. लग्नाच्या बाजारात ‘कंपनीतला मुलगा’ हा सरकारी नोकराच्या खाली, पण बागाईतदाराच्या वर गेला होता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, मला चष्मा होता आणि सव्विसावं लागलं होतं. यातली एकेक गोष्ट स्थळांना चालायची. तिन्ही एकत्र चालत नव्हत्या.

असा एक कंपनीतला मुलगा मला बघायला आला. पिंपरीत टर्नर होता, राहायला चिंचवडला. वडील नव्हते, बरोबर आई होती. पोहे झाले, ‘स्वयंपाक येतो का’ झालं. मग माझ्या वडिलांनी मोठ्या मनानं परवानगी दिली, “मुलालाही काही विचारायचं असेल तर विचारू द्या.” मुलानं इकडंतिकडं पाहिलं. कोनाड्यात माझ्या मामाची रहस्यकथा पालथी पडली होती. तिच्याकडे बघत तो मला म्हणाला,

“ती तुम्ही वाचताय?”

“मामा वाचतो,” मी म्हणाले. मग राहवलं नाही. “माझी वाचून झालीय.”

“मग खुनी कोण ते सांगू नका. माझी अर्धीच झालीय.”

एवढंच. त्याच्या आईनं त्याच्याकडे आणि माझ्या वडिलांनी माझ्याकडे बघितलं. पण तोवर पाहुण्यांनी मला शिवता येतं का, भजन येतं का, चष्म्याचा नंबर किती, एवढंच विचारलं होतं. मी काय वाचते हे विचारणारा हा पहिला. पाहुणे गेल्यावर मी बशा विसळत होते आणि एकच बशी पुन्हा पुन्हा विसळतेय हे आईच्या लक्षात आलं. तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

मुलगा पसंत पडला तरी लगेच बोलणी होत नसत. मधे ‘चौकशी’ असे. मुलीकडचे दोघं मुलाच्या गावी गुपचूप जायचे आणि पानवाल्याला, न्हाव्याला, शेजाऱ्याला आडून आडून विचारायचे: पितो का, खेळतो का, कुठं काही भानगड आहे का. ही गुपचूप चौकशी कुणापासूनच गुप्त राहत नसे. दोन परकी माणसं परीटघडीचं धोतर नेसून पानाच्या ठेल्यापाशी घोटाळताना दिसली, की पोरंसुद्धा म्हणायची, “कुणाचं तरी जमतंय.”

आमच्या घरचा गुप्तहेर म्हणजे मामा. खेडच्या कोर्टात त्यानं जन्मभर साक्षीजबान्यांच्या नकला केल्या होत्या. त्यामुळे आपण जन्मभर न्यायदान केलं, असा त्याचा समज होता. बाकीची तयारी रहस्यकथांनी केली. सोबतीला वडिलांचे मित्र, कांद्याचे व्यापारी. ते मुसलमान, म्हणून सगळं गाव त्यांना चाचा म्हणे. चाचांनी पोत्यात हात घालून आतला कुजका कांदा वासावरून सांगावा, म्हणून वडिलांचा त्यांच्यावर भरवसा. दोघांनीही मुलाला पाहिलेलं नव्हतं, तेव्हा त्याचा स्टुडिओत काढलेला फोटो खिशात घालून ते सकाळच्या एस.टी.नं निघाले.

परतल्यावर मामानं हात-पाय धुतले, ओटीवर बसला आणि पाणीही न पिता म्हणाला, “दाजी, स्थळ सोडा.”

मी माजघराच्या दाराआड होते.

“झालं काय?” वडील म्हणाले.

“कंपनीच्या गेटासमोर चहाचं हॉटेल आहे. मी पेपर तोंडापुढं धरून बसलो. चाचांनी एका कामगाराला विचारलं. सांगा चाचा, साक्षीदार काय म्हणाला. शब्दन् शब्द सांगा.”

चाचा अवघडले होते. “मी म्हणलं, अमका अमका कुठं गावंल? तो म्हणला, त्याची दुसरी चालू हाय.”

“दुसरी!” मामा म्हणाला.

“म्हणलं, दुसरी? तर म्हणला, व्हय, पहिली गेल्या आठवड्यात झाली. सोमवारपासनं तिसरी लागंल.”

वडिलांनी अडकित्ता खाली ठेवला.

“मी म्हणलं, राव, इतक्या लवकर? तर हसला. म्हणला, कंपनी लावती. आपल्या मनावर थोडंच हाय?”

“कंपनी लावती?” वडिलांचा आवाज चिरका झाला.

“शहर आहे दाजी,” मामा म्हणाला. “पण मी ऐकीव पुराव्यावर जाणारा नाही. दुपारी गेट सुटलं. शेकडो माणसं, सगळी निळ्या कपड्यांत. फोटोवरून नेमका हेरला. नशिबानं त्याची सायकल पंक्चर होती, हातात धरून चालला होता. थेट कासारवाडीपर्यंत मागं गेलो. एका घराचं दार उघडलं, कडेवर पोर घेतलेली बाई. त्या पोरानं ह्याच्याकडे झेप घेतली!”

“मी म्हणलं व्हतं, फोटोत मिशी हाय, ह्याला न्हाई,” चाचा म्हणाले.

“वेषांतर,” मामा म्हणाला.

वडिलांनी मध्यस्थाकरवी निरोप धाडला, की पत्रिका जमत नाही. पत्रिका कुणी पाहिलीच नव्हती. पण तेव्हा ग्रहांवर ढकललं की कुणाचाच अपमान होत नसे. या एका उपयोगासाठी मी ज्योतिषाला आजही मान देते.

मी रडले वगैरे नाही. मला राग आला होता, आणि रागात एक शंकाही होती. दर सोमवारी बाई बदलणारा माणूस कादंबरी निम्मी तरी कधी वाचतो? मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. शाळेला सुट्टी होती त्या दिवशी पुण्याला पुस्तकं आणायला जाते असं घरी सांगितलं आणि शाळेतल्या एका बाईंना बरोबर घेतलं. त्या विवाहित होत्या, त्यामुळे आमच्या दोघींचं मिळून चारित्र्य पुरेसं होतं. नाशिक फाट्याला उतरलो, तिथून पिंपरी.

त्या गेटासमोरचा देखावा मला पुढं अनेक वर्षं दिसत राहायचा होता, पण पहिल्यांदा पाहिला तो असा: रस्ता भरून सायकली, प्रत्येक हँडलला डब्याची पिशवी, आणि एकसारखी निळी माणसं. मामाची मला थोडी कीव आली. यांतून एक माणूस हेरणं म्हणजे पोत्यातून कालचाच कांदा काढणं. मी त्याला शोधलंच नसतं. त्यानं मला शोधलं, कारण तिथं चष्मा लावलेली, नऊवारीत नसलेली आणि संतापलेली अशी मीच होते.

“तुम्ही? इथं?” तो सायकलवरून उतरला. मिशी जागच्या जागी होती.

“एक विचारायचं होतं,” मी म्हणाले. “तुमची कितवी चालू आहे?”

“दुसरी,” तो म्हणाला. ना लाज, ना काही.

“आणि पहिली?”

“ती गेल्या आठवड्यात होती. पहिली बरी असते हो, संध्याकाळ मोकळी मिळते. तिसरी मात्र अंगावर येते.”

बरोबरच्या बाईंनी माझा पदर ओढला. “चला हो बाई इथून. काय माणूस आहे!”

तेवढ्यात भोंगा झाला. गेटावरचा पहारेकरी ओरडला, “ओ दुसरीवाले! चला आत, चला! गेट लावतोय!” आणि रस्त्यावरची ती सगळी निळी माणसं एकदम आत जायला लागली. त्यांत पांढऱ्या केसांची होती, गळ्यात तुळशीमाळ घातलेली होती. एवढ्या सगळ्यांना एकच व्यसन असणं शक्य नव्हतं. समोरून घामेजलेले तितकेच लोक बाहेर येत होते, त्यांची पहिली सुटली होती. मग मला शिफ्ट कळली. मी रस्त्यात उभी राहून हसायला लागले, चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

“काय झालं?” तो गोंधळला होता.

“कासारवाडीत तुमचं कोण असतं?”

“कुणी नाही. आम्ही चिंचवडला असतो.” तो गेटाकडे सरकत होता. “पत्रिका जमत नाही म्हणाले ना तुमच्याकडचे? आई रविवारी तळेगावला मुलगी बघायला नेतीय मला.”

“तुम्ही जाणार?”

“आता पत्रिकाच जमत नाही म्हटल्यावर...” पहारेकऱ्यानं त्याच्या नावानं हाक मारली आणि तो आत गेला.

परतीच्या एस.टी.त मी विचार करत होते तो एवढाच, की रविवारच्या आत हे वडिलांपर्यंत कसं पोचवायचं. मी गेटावर गेले होते हे सांगायची सोय नव्हती. आणि मामा चुकला असं म्हणायची तर त्याहून नव्हती. चूक दाखवली की मामा ती सिद्ध करायला आणखी चार साक्षीदार आणत असे.

तेव्हा मी ते काम मामाकडेच सोपवलं. तो ओटीवर वाचत बसला होता.

“मामा, तुमचा तो गुप्तहेर शेवटून दुसऱ्या प्रकरणात नेहमी फसतो, नाही?”

“फसत नाही. फसल्यासारखं दाखवतो.”

“आणि मग परत जाऊन बघतो. खरा गुप्तहेर परत जातोच. मिशी आठवड्यात उगवत नाही म्हणून म्हटलं.”

मामानं पुस्तक मिटलं. “माझ्याही ते मनात होतंच,” तो म्हणाला. ती उगवलेली मिशी मला कुठं दिसली, हे त्यानं विचारलं नाही. चाचा समोरच बसले होते. ते माझ्याकडे बघून हसले आणि त्यांनी पानाचा डबा काढला.

शनिवारी दोघं परत गेले. संध्याकाळी मामा विजयी मुद्रेनं आला आणि शिफ्ट म्हणजे काय यावर आम्हा सगळ्यांना त्यानं दीर्घ व्याख्यान दिलं: एका दिवसाचे तीन भाग, त्यांचे क्रम, त्यांची आठवड्याला होणारी अदलाबदल. जणू ही पद्धत त्यानंच बसवली होती. “म्हणजे ज्याची दुसरी, तो दुपारी आत जाणार. आणि मी पाठलाग केला तो बाहेर येणारा. निराळा इसम! हे पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं.”

“तुमच्या?” चाचा म्हणाले.

“आपल्या,” मामा म्हणाला.

रविवारी सकाळी, तळेगावची गाडी निघायच्या आत, आम्ही चिंचवडला पोचलो. मुलीनं मुलाच्या घरी जायची रीत नव्हती. वडील नको म्हणत होते. चाचा म्हणाले, “येऊ द्या पोरीला. सौदा मोडलाय तो आपण. जोडायला तिचं तोंड तरी असावं.”

मुलाची आई दारातच उभी होती, इरकली लुगडं नेसून, पिशवी घेऊन. तिनं आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं, आणि वडिलांना म्हणाली, “काय, ग्रह फिरले जणू तुमचे?”

वडिलांनी तांब्या उचलून पुन्हा पाणी ओतून घेतलं.

मामानं घसा साफ केला. “त्याचं असं झालं बाई, की प्रथमदर्शनी पुरावा...”

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “तुमी आमचं गेट पाहिलं, हॉटेल पाहिलं, कुणाच्या तरी घरापत्तुर जाऊन आला म्हणं. आता मी तुमच्यातल्या कुणाचंच ऐकायची न्हाई.” मग माझ्याकडे वळली. “तूच सांग ग. तुला करायचा हाय का माझा पोरगा?”

चार माणसांसमोर मुलीला असं कुणी विचारत नसे, त्यामुळे उत्तर कसं द्यायचं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी वर्गात रोज मुलांना दटावत असे, ‘व्हय’ नाही म्हणायचं, ‘हो’ म्हणायचं.

“व्हय,” मी म्हणाले.

तिनं पिशवी खुंटीला अडकवली आणि आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाली, “तळेगावला निरोप धाड रं कुणाकडनं तरी.”

तो दारात आला. तळेगावसाठी इस्त्री केलेला पांढरा शर्ट त्याच्या अंगात होता. तो काही त्यानं बदलला नाही.