सहदेवभाऊंचे अठ्ठेचाळीस टाके

तर गोष्ट कुकरच्या टोपीपर्यंत आली होती. काल जे उठून गेले त्यांच्यासाठी थोडं मागून घेऊ. वरूडच्या बसस्टँडसमोर झेंडूचे हार विकणारे सहदेवभाऊ घरात खाटेवर, पायाला प्लास्टर. समोर ओट्यावर कुकर, आणि कुकरच्या डोक्यावर गुलाबी सुती दोऱ्यानं विणलेली टोपी. मधल्या भोकातून शिट्टी अशी वर आलेली, जशी मुंजीतल्या पोराची शेंडी. गंगूबाई, म्हणजे त्यांची बायको, दारात उभी राहून त्या कुकरकडं पाहत होती. हातातलं डाळीचं पातेलं तसंच होतं.

मुळात ती टोपी नव्हतीच. तो टीव्हीवर टाकायचा रुमाल होता.

झालं असं, की झेंडूच्या पोत्यावरून घसरून भाऊंचा पाय मोडला आणि दीड महिना घरी बसायची पाळी आली. पाय स्वस्थ बसला, पण हात बसेनात. पहाटे चारला उठून हार ओवायची सवय, ती बोटं झोपेतसुद्धा वळवळत. चादरीच्या दशा त्यांनी दोनदा ओवून टाकल्या. शेवटी पोरीनं, रूपालीनं, अमरावतीहून क्रोशाची सुई आणि सुती दोऱ्याच्या सहा गुंड्या आणून दिल्या. ती तिथं दवाखान्यात नर्स. मोबाईलवर एक व्हिडिओही लावून दिला, अर्ध्या तासात देण्याजोग्या भेटवस्तू कशा विणायच्या त्याचा.

त्यातली बाई बोले भराभर, पण भाऊंची बोटं तिच्याहून भराभर. पहिल्या चार फेऱ्या तिच्याबरोबर चक्क सपाट. मग भाऊ म्हणत, आता समजलं, आणि मोबाईल पालथा घालून पुढचं आपल्या मनानं. तिथून पुढं काय बिनसे देव जाणे, सपाट चाललेला रुमाल हळूच कडा उचले, वाटी होई, वाटीची टोपी होई. दोरा बारीक असला तर संत्र्याच्या मापाची. दुहेरी घेतला तर माणसाच्या. चौपदरी घेतला तर कुकरच्या. चौथी वस्तू त्यांच्या हातून निघालीच नाही.

पण माणूस मोठा दिलदार. महिन्याभरात आळीत टोपी न मिळालेलं घर राहिलं नाही. खुशालरावांना टेबलावरचा रुमाल म्हणून दिला, तो त्यांच्या स्कूटरच्या दिव्यावर बसला, आणि ती स्कूटर घोडनवऱ्यासारखी दिसायला लागली. शेजारचे पुंजाजी टकले. त्यांना पाण्याच्या घागरीखाली ठेवायला चुंबळ पाहिजे होती. त्यांनी ती घेतली, फिरवून पाहिली, डोक्यावर घातली, आणि तीन दिवसांनी येऊन विचारलं की हिला कानपट्टी लावता येईल का, वावरात वारा फार असतो. गंगूबाईनं मात्र त्याच दिवशी जाहीर केलं, की बाप्यामाणसानं विणकाम करून राहावं आणि गावानं पाहावं हे तिला मंजूर नाही, आणि आणखी एक टोपी निघाली तर सुई विहिरीत.

आता खरी गोष्ट इथून.

रूपालीचं लग्न ठरलं अकोल्याच्या धर्मेंद्रशी. पोरगा सरळ. त्याची आई माणिकबाई मात्र शाळेत तीस वर्षं शिवण-विणकाम शिकवून निवृत्त झालेली. लग्नात रुखवत मांडतात, नवरीच्या हातच्या वस्तू, तर या बाई म्हणे प्रत्येक वस्तू उलटी करून पाहतात. पुढून कोणीही नटवतं, खरं काम मागच्या बाजूला कळतं, असं त्यांचं म्हणणं. रूपालीला सलाईन लावता येई, शीर एका झटक्यात सापडे, पण सुईत दोरा ओवायचा म्हटलं की ती शेजारणीला हाक मारी. म्हणून गंगूबाईनं अमरावतीहून तयार रुखवत भाड्यानं ठरवलं. लग्नाला तीन दिवस उरले असताना तिकडून फोन आला, की ते रुखवत नागपूरच्या लग्नाला गेलं ते अजून परतलं नाही.

गंगूबाई डोक्याला हात लावून बसली. भाऊंनी उशीखालून सुई काढली.

तीन दिवसांत चोवीस टोप्या. रूपालीनं फोनवरूनच तोड काढली: टोप्याच होतात तर होऊ द्या, बाबा, संत्र्यांना घाला. आळीतल्या बायांनी संत्र्यांना काजळानं डोळे काढले. झाली वरात उभी. पुढं पाच संत्री बँडवाली, मधे मुंडावळ्या बांधलेलं नवरदेव संत्रं, मागं बसकी, पिवळी पडलेली जी होती त्या आत्या-मावश्या. सगळ्यांच्या मागं टोपी घातलेला कुकर, नवरीचा मामा म्हणून. गंगूबाईला हसू आलं, पण तिनं ते गिळलं आणि एकच अट घातली. कोणीही विचारलं तरी पोरीनं केलं म्हणायचं. बापानं केलं हे कळलं तर अकोल्याचे म्हणतील, पोरीला येत काही नाही आणि बापाला काम काही नाही. भाऊंनी सुई खिशात टाकली. त्यांनी जन्मात खोटं सांगितलं नव्हतं. त्यांचा हार म्हणजे अठ्ठेचाळीस फुलांचा, ही सबंध वरूडात ख्याती. कमी नाही, जास्त नाही.

लग्नाच्या दिवशी माणिकबाई आल्या, चष्मा लावला, आणि थेट रुखवतापाशी. आधी हसल्या. मग नवरदेव संत्र्याची टोपी काढून उलटी केली आणि हसू थांबलं. नखानं टाके मोजले. मामाची, म्हणजे कुकरची, काढली. मोजले. एवढ्यात पुंजाजी नेमके पाहुण्यांना पाणी वाटत आले, डोक्यावर तीच टोपी. बाईंनी त्यांना खाली बसायला सांगितलं. पुंजाजी शाळेत कधी गेले नव्हते, पण गुमान बसले, आणि भर मांडवात बाईंनी त्यांच्या डोक्यावर टाके मोजले. बँडवाल्यांनीसुद्धा वाजवणं थांबवलं.

"रूपाली, हे तू केलंस?"

रूपालीनं आईकडं पाहिलं. आईनं डोळे मोठे केले. रूपाली म्हणाली, हो. आवाज एवढा बारीक, की पेशंट असता तर तिनंच त्याला ऑक्सिजन लावला असता.

"मग पुढच्या फेऱ्यांत टाके का नाही वाढवलेस? वाढवले नाहीत की सपाट रुमालाची टोपी होते."

रूपालीनं पुन्हा आईकडं पाहिलं. गंगूबाई मधे पडली. "वाढवले असतीन ना, इहीनबाई. आतून असतीन. दिसून नाई राहिले."

माणिकबाईंनी चष्मा काढला. तीस वर्षांत त्यांनी असं काम पाहिलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. एकूणएक टाका सारखा, मागून पाहा की पुढून, गाठ कुठं हाताला लागत नाही. असा हात त्यांच्या शाळेतल्या एकाही मुलीचा नव्हता. आणि वेडेपणाही असा, की संत्रं असो, माणूस असो, कुकर असो, टाके अठ्ठेचाळीसच. हे ज्यानं केलं त्याला भेटल्याशिवाय अक्षता टाकणार नाही, असंही म्हणाल्या, आणि हे सांगताना त्या रूपालीकडं नाही, तर बापाच्या बोटांकडं पाहत होत्या. ती बोटं रिकामीच वळवळत होती.

गंगूबाईनं मान हलवून नको म्हटलं. भाऊ काठी टेकत उठले. खिशातून सुई काढली आणि बाईंच्या हातावर ठेवली.

"माह्या हातचं हाये, इहीनबाई. पोरीले नाई येत, तिले सुई टोचता येते फक्त. चाळीस वर्सं झाली हार ओवून राहिलो, अठ्ठेचाळीस म्हटलं का अठ्ठेचाळीस, गिऱ्हाईकानं घरी जाऊन मोजले तरी तेवढेच निंगाले पाह्यजे. चार फेऱ्यांत अठ्ठेचाळीस भरले तरी मोबाईलमंधली बाई म्हने हरेक फेरीले बारा वाढवा, तवाच मले तिचा भरोसा वाटला नाई. तुमी मास्तरीन हा, तुमी म्हनसान तं वाढवतो. पन सुई तुमच्यापाशीच ठेवा, गंगू विहिरीकडं पाहून राहिली."